निवडा, पण परत जाऊ द्या

प्रति,
ॲडम सिल्व्हर, आयुक्त, एनबीए;
चार्ली बेकर, अध्यक्ष, एनसीएए;
आणि एनबीए खेळाडू संघटनेचे पदाधिकारी



बोस्टन सेल्टिक्सने १९७८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, लॅरी बर्डला सहाव्या क्रमांकावर निवडलं, तेव्हा त्याचं कॉलेज संपलेलं नव्हतं. इंडियाना स्टेटकडून आणखी एक वर्ष खेळायचं त्याने पक्कं केलं होतं आणि सेल्टिक्सचे प्रमुख रेड आउरबाख यांना ते माहीत होतं. त्यांनी तरीही त्याला निवडलं आणि वर्षभर वाट पाहिली. बर्ड परत गेला. त्याचा संघ एकही सामना न हरता अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि मार्च १९७९मध्ये सॉल्ट लेक सिटीत मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटकडून ७५-६४ असा हरला. मग त्या उन्हाळ्यात बर्डने सेल्टिक्सशी करार केला. आदल्या हंगामात २९ सामने जिंकणाऱ्या बोस्टनने त्याच्या पहिल्याच हंगामात ६१ जिंकले.

यात कोणाचं काय बिघडलं? कॉलेजला खेळाडू मिळाला, क्लबला मिळाला, प्रेक्षकांना मॅजिक-बर्डची पहिली लढत मिळाली. आणि बर्डला एक गोष्ट मिळाली, जी आज कॉलेजातल्या कुठल्याही मुलाला मिळत नाही: आपल्याला कोणी आणि कितव्या क्रमांकावर घेतलंय हे कळल्यानंतर कॉलेजात परतायची मुभा. लीगने त्यानंतर नियम असा बदलला की करार करायला मोकळा नसलेला कॉलेजचा खेळाडू निवडताच येऊ नये. ती मुभा परत मागण्यासाठी हे पत्र आहे.

पुण्यातल्या प्रेक्षकाला या उठाठेवी कशाला, असं तुमच्यापैकी कोणाच्या मनात आलं तर आठवण करून देतो. ऑक्टोबर २०१९मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सामने भरवून तुम्हीच आम्हाला गिऱ्हाईक केलंत. गिऱ्हाईक तक्रार करणारच.

दर वर्षी एप्रिल उजाडला की एकच प्रश्न सुरू होतो: अमुक मुलगा तयार आहे का? टीव्हीवरचे तज्ज्ञ, कोच, एजंट, क्लबचे स्काउट, सगळे त्याच्या उंचीपासून हातांच्या फैलावापर्यंत मोजमापं काढतात आणि 'तयार' किंवा 'कच्चा' असा शिक्का मारून मोकळे होतात. मला हा प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारलेला वाटतो. त्या मुलाकडे त्याचं उत्तर असूच शकत नाही, कारण उत्तर द्यायला जी माहिती लागते ती तुम्ही त्याला उत्तर देऊन झाल्यावर देता.

२०२५चं वेळापत्रक बघा. कॉलेजचा अंतिम सामना ७ एप्रिलला झाला. दुसऱ्या कॉलेजात जायचं असेल तर नाव नोंदवायची मुदत २२ एप्रिलला संपली, ड्राफ्टसाठी नाव द्यायची २६ एप्रिलला. मेच्या मध्यावर शिकागोत कंबाइन, म्हणजे क्लबांसमोरची चाचणी. कॉलेजचा हक्क टिकवायचा असेल तर २८ मेपर्यंत ड्राफ्टमधून नाव मागे घ्यायचं. आणि प्रत्यक्ष ड्राफ्ट २५ जूनला. म्हणजे दार कुठलं उघडणार हे कळायच्या चार आठवडे आधीच त्याने मागचं दार स्वतःच्या हाताने लावून घ्यायचं. गंमत म्हणजे एनबीएची स्वतःची माघारीची मुदत ड्राफ्टच्या दहा दिवस आधीपर्यंत असते. ती मुदत परदेशी खेळाडूंच्या कामाची. अमेरिकन कॉलेजच्या मुलाला तिचा उपयोग नाही, कारण बेकरसाहेब, तुमच्या कॉलेज-खेळांच्या संघटनेची मुदत त्याआधीच संपलेली असते.

तुम्ही म्हणाल, सल्लागार समिती आहे की. आहे. क्लबचे अधिकारी त्या मुलाबद्दल गुप्तपणे अंदाज देतात आणि त्याला कळवलं जातं की तू पहिल्या चौदांत, पहिल्या फेरीत, दुसऱ्या फेरीत, की कुठेच नाही. पण हे अंदाज देणारे तेच लोक आहेत ज्यांना जूनमध्ये त्याला घ्यायचं की सोडायचं हे ठरवायचं आहे. सौद्यातली एक बाजू दुसऱ्या बाजूला भाव सांगते आणि तोच शहाणपणाचा सल्ला समजायचा. समितीने गेल्या दहा वर्षांत काय सांगितलं आणि प्रत्यक्षात काय झालं, हे मुलांची नावं झाकून का होईना, छापा. मग त्या सल्ल्याचं वजन कळेल.

आता कोर्टवर येऊ. 'तयार' हा शब्द किती पोकळ आहे ते तिथे दिसतं. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा, तुमचा ४८चा. कॉलेजात शॉट क्लॉक ३० सेकंदांचं, तुमच्याकडे २४चं. तीन गुणांची रेघ कॉलेजात ६.७५ मीटरवर आहे, आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे आमच्याकडेही तेवढीच. एनबीएत कोपरे सोडले तर ती ७.२४ मीटरवर जाते. हे अर्ध्या मीटरचं अंतर ऐकायला किरकोळ वाटतं, पण फेकीची सगळी लय त्यात मोडते. आणि ज्याला तिथून टाकता येत नाही त्याच्यावरचा डिफेंडर त्याला मोकळा सोडून रिंगखाली गर्दी करायला जातो, तेव्हा त्याच्या चार साथीदारांचाही खेळ आवळला जातो.

रिंगखालचा पट्टा कॉलेजात १२ फूट रुंद, एनबीएत १६ फूट. त्याहून मोठा फरक नियमाचा. एनबीएत डिफेन्स करणाऱ्याला कोणाला जवळून पकडलेलं नसेल तर त्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. कॉलेजात अशी बंदी नाही. त्यामुळे सात फुटांचा मुलगा तिथे चार महिने रिंगखाली खांबासारखा उभा राहून ब्लॉकवर ब्लॉक करतो आणि वर्तमानपत्रं त्याला 'भिंत' म्हणतात. तोच मुलगा एनबीएत आला की पहिल्याच आठवड्यात प्रतिस्पर्धी त्याला स्क्रीन लावून बाहेर ओढतात, समोर एखादा चपळ गार्ड उभा करतात, आणि भिंतीला पाय हलवावे लागतात. तो हलवू शकेल का? कॉलेजात ते त्याच्याकडून कोणी मागितलंच नव्हतं. कोचला सामना जिंकायचा होता, त्याने मुलाला जिथे फायदा तिथे उभं केलं. त्यात कोचची चूक नाही. त्याचा पगार जिंकण्याचा आहे, पोराला तुमच्यासाठी घडवण्याचा नाही.

शिवाय ३५-४० सामन्यांच्या हंगामातून ८२ सामन्यांच्या हंगामात जाणं. लागोपाठ दोन रात्री दोन गावांत खेळणं. समोर पस्तिशीचा माणूस, ज्याच्या घरात दोन मुलं आहेत आणि ज्याला करार टिकवायचा आहे. हे कंबाइनच्या उडीत मोजता येत नाही. तयारी ड्राफ्टनंतरच्या दोन-तीन वर्षांत होते किंवा होत नाही, आणि ती बरीचशी क्लबच्या हातात असते: मिनिटं किती दिली, कुठल्या जागी खेळवलं, तीन वर्षांत कोच किती बदलले.

या सगळ्यावर तुमचा उपाय आजवर एकच राहिला आहे, वय. १९७१मध्ये स्पेन्सर हेवूडच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला सिॲटलकडून खेळू दिलं, तोवर शाळा सुटल्यावर चार वर्षं थांबण्याची सक्ती होती. पुढे १९९५मध्ये केव्हिन गार्नेट शाळेतून थेट आला, पुढच्या वर्षी कोबी ब्रायंट, २००३मध्ये लेब्रॉन जेम्स. मधल्या २००१ साली क्वामे ब्राउनला वॉशिंग्टनने शाळेतून थेट पहिल्या क्रमांकावर उचललं आणि तो फसला, तेव्हा सगळ्यांना हवं ते उदाहरण सापडलं. (ज्याला 'फसला' म्हणतात तो बारा हंगाम एनबीएत टिकला, पण ते जाऊ दे.) २००५च्या करारात १९ वर्षांची आणि शाळेनंतर एक वर्ष थांबण्याची अट आली. तेव्हाचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांना तर वीस हवी होती.

एका वर्षाच्या सक्तीच्या कॉलेजने काय साधलं? २०१३मध्ये अँथनी बेनेट एक वर्ष कॉलेज खेळून पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि चार हंगामांत एनबीएबाहेर गेला. उलट वेबर स्टेटमध्ये चार वर्षं काढलेला डेमियन लिलार्ड २०१२मध्ये सहावा आला, आणि व्हिलानोव्हात तीन वर्षं खेळलेल्या, दोन वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या जेलन ब्रन्सनला २०१८मध्ये तब्बल ३२ नावं वाचून झाल्यावर पुकारलं. विचिटा स्टेटमध्ये चार वर्षं काढलेल्या फ्रेड व्हॅनव्हलीटला २०१६मध्ये कोणीच पुकारलं नाही, तीन वर्षांनी तो टोरांटोबरोबर एनबीए विजेता झाला. वयाच्या अटीने क्लबांना स्काउटिंगसाठी एक फुकटचं वर्ष मिळालं, एवढाच तिचा स्वच्छ हिशेब आहे. चुकीची किंमत कमी झाली ती निवडणाऱ्याची.

त्यातला ढोंगीपणा तर विशेष आहे. मुलाला सांगायचं, घाई करू नकोस, थांब, शिक, पक्का हो. तो थांबला, तेवीस वर्षांचा होऊन आला, की त्याच्या नावापुढे लिहायचं 'वय जास्त, वाढीला वाव कमी'. टेनेसीच्या डाल्टन नेक्टने २०२४मध्ये आपल्या कॉन्फरन्समधला सर्वोत्तम खेळाडू होऊन दाखवलं. तेवीस वर्षांचा होता. पहिल्या दहांत जाईल असं बोललं जात होतं, गेला सतराव्या क्रमांकावर. कच्चा म्हणून नाकारायचं आणि पिकला म्हणूनही नाकारायचं, तर मुलाने नेमकं कधी यायचं? तयार म्हणजे काय हे क्लबांनाच ठरवता आलेलं नाही.

यात ज्यांचं खरोखर नुकसान होतं ते पहिल्या दहांतले नव्हेत. २०२५मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेल्या कूपर फ्लॅगची काळजी कोणी करायला नको. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला निदान दोन वर्षांच्या पगाराची हमी आहे. दुसऱ्या फेरीत ती हमी नाही. त्याखाली एनबीए आणि तिची धाकटी जी लीग यांत ये-जा करवणारा दुहेरी करार, मग नुसती जी लीग, जिथला साधा पगार हंगामाला चाळीस हजार डॉलरच्या आसपास. ज्या मुलाला मेमध्ये 'पंचविसावा ते पंचेचाळिसावा, कुठेही' असं सांगितलं जातं, त्याच्यासाठी हा आकडा म्हणजे लाखो डॉलर की बसमधून गावोगाव, एवढा फरक. २००२मध्ये लेनी कुक शाळेतूनच ड्राफ्टमध्ये उतरला. आदल्याच उन्हाळ्यापर्यंत देशातल्या सर्वोत्तम शालेय खेळाडूंत त्याचं नाव घेतलं जात होतं. त्याला कोणीच निवडलं नाही, आणि कॉलेजचं दार बंद झालेलं होतं. तो एनबीएत एकही सामना खेळला नाही. एनसीएएने नेमलेल्या कोंडोलीझा राइस यांच्या आयोगाने २०१८मध्ये स्पष्ट सांगितलं होतं की न निवडल्या गेलेल्या मुलाला कॉलेजात परत येऊ द्या. सर्वांना सरळ चालता येईल अशी ती वाट अजूनही झालेली नाही.

बेकरसाहेब, तुमच्या संस्थेचा जुना बचाव होता हौशीपणाचा: ज्याने व्यावसायिक खेळाला स्पर्श केला तो विद्यार्थी-खेळाडू राहत नाही. तो बचाव आता उरलेला नाही. जुलै २०२१पासून खेळाडू आपल्या नावावर आणि छबीवर कमावतात. जून २०२५मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजं त्यांना थेट पैसे देतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळ्या खेळांत मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. परिणाम लगेच दिसला. २०२१मध्ये मुदतीआधी ड्राफ्टला नावं दिली होती ३५३ जणांनी, २०२५मध्ये अवघ्या १०६ जणांनी. याक्सेल लेंडेबोर्गने पहिल्या फेरीची शक्यता समोर असताना नाव मागे घेतलं आणि तो मिशिगनला गेला. इतकी वर्षं 'पैशाच्या मोहाने पोरं कॉलेज सोडतात' म्हणून गळे काढले जात होते. आता पैशासाठीच पोरं कॉलेजात थांबतात, तर ते गळे बसलेत. लाखो डॉलर पगार घेणाऱ्या कोचांनी मोहाबद्दल बोलावं हे मला आधीही पचलं नव्हतं.

आणि तुमच्याच अंगणात काय झालं पाहा. नायजेरियाच्या जेम्स नाजीला एनबीएने २०२३मध्ये ३१व्या क्रमांकावर निवडलं होतं. तो युरोपात खेळत राहिला, आणि डिसेंबर २०२५मध्ये बेलर विद्यापीठाने त्याला संघात घेतलं. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला, एनबीएत न खेळलेला माणूस आज कॉलेजच्या कोर्टवर उतरू शकतो. गदारोळ उठल्यावर तुम्ही जाहीर केलंत की ज्याने एनबीएचा करार केला त्याला परवानगी देणार नाही. ठीक. करार आणि निवड यांत फरक आहे, हे तुम्हीच त्यातून मान्य केलंत. मग ड्यूक किंवा कॅन्सस सोडून ड्राफ्टमध्ये उतरलेल्या, निवडल्या गेलेल्या आणि करार न केलेल्या मुलाने काय पाप केलंय?

सिल्व्हरसाहेब, परदेशी खेळाडूंच्या बाबतीत तुमचे क्लब हेच वर्षानुवर्षं करत आले आहेत. मनू जिनोबिलीला सॅन अँटोनिओने १९९९मध्ये ५७व्या क्रमांकावर निवडलं आणि तो आला २००२मध्ये. निकोला योकिचला डेन्व्हरने २०१४मध्ये ४१व्या क्रमांकावर घेतलं आणि आणखी एक वर्ष सर्बियात खेळू दिलं. हॉकीत तर कॉलेजच्या खेळाडूंबाबतही हेच चालतं. केल मकारला कोलोराडोने २०१७मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडलं, मग तो दोन वर्षं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाकडून खेळला आणि २०१९च्या वसंतात थेट प्लेऑफमध्ये उतरला. बेसबॉलमध्ये शाळेतून निवडलेला मुलगा 'नको' म्हणून कॉलेजला जाऊ शकतो. हे सगळं तुमच्याच देशातलं आहे. सर्बियाच्या मुलाला वेळ मिळतो, इंडियानाच्या मुलाला नाही, एवढंच.

म्हणून मागणी अशी. क्लबने कॉलेजच्या खेळाडूला निवडावं, करार लगेच करावा किंवा करू नये. करार झाला नाही तर मुलाने ऑगस्टमध्ये कॉलेजात परत जावं, क्लबचा हक्क दोन वर्षं राहावा, आणि तेवढ्यात जमलं नाही तर त्याने पुन्हा ड्राफ्टमध्ये यावं. मुदत हवीच, नाहीतर क्लब हक्क दाबून बसेल. बर्डच्या वेळी पुढचा ड्राफ्ट आला असता तर बोस्टनचा हक्क संपला असता, म्हणून त्याला भाव करता आला. दुखापतीच्या विम्याचा हप्ता हक्क राखणाऱ्या क्लबने भरावा. ज्याला कोणीच निवडलं नाही त्याला तर विनाअट परत घ्या. ड्राफ्ट जूनअखेर होतो, वर्ग ऑगस्टअखेर भरतात, मधे दोन महिने पडलेले आहेत.

कॉलेजचे कोच कुरकुरतील की क्लबवाले फोन करून 'त्याला बाहेरून शूट करू द्या' म्हणतील. म्हणू द्यात. त्या खांबासारख्या उभ्या सात फुट्याला कोणीतरी पाय हलवायला सांगण्याची ती पहिली वेळ असेल.

खेळाडू संघटनेला वेगळं सांगायचं आहे. तीस क्लब, प्रत्येकी पंधरा जागा, वर तीन-तीन दुहेरी करार. नवा आला की जुना जातो, हे उघड आहे, आणि तुमचे मतदार जुने आहेत. करारावर सही करेपर्यंत हा मुलगा तुमचा सभासद नसतो, म्हणून त्याच्या अटी ठरताना त्याच्या बाजूने टेबलावर कोणीही नसतं. २०२३च्या वाटाघाटींत वयाची अट १८वर आणायची चर्चा झाली आणि शेवटी १९च राहिली. त्या खोलीत एकोणीस वर्षांचं कोणी नव्हतं.

एनबीएने स्वतःची शाळाही काढून पाहिली होती, तिच्याशी आमचा थोडा संबंध आहे. २०२०मध्ये जी लीग इग्नाइट सुरू झाली. कॉलेज नको असलेल्या मुलांनी तिथे पगार घेऊन तयार व्हायचं. जेलन ग्रीन, जोनाथन कुमिंगा, स्कूट हेंडरसन तिथून वरच्या क्रमांकांवर गेले. भारतातल्या तुमच्या अकादमीतून आलेला पंजाबचा प्रिन्सपाल सिंगही पहिल्या तुकडीत होता. २०२४मध्ये ती बंद झाली, कॉलेजात नावावर आणि छबीवर कमाई होऊ लागल्यावर तिची गरज संपली म्हणून. त्याआधी २०१५मध्ये डॅलसने ५२व्या क्रमांकावर सतनाम सिंगला घेतलं होतं, ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. तो कॉलेजात खेळलाच नव्हता. इकडे पेढे वाटले गेले. एनबीएच्या एकाही सामन्यात तो उतरला नाही. निवड म्हणजे तयारी नव्हे हे आम्हाला तेव्हा कळलं. पण १९ वर्षांच्या सतनामला निवडीनंतर दोन वर्षं एखाद्या कॉलेजात खेळता आलं असतं तर, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

महिलांच्या लीगबद्दल स्वतंत्र पत्र लिहावं लागेल. तिथे वयाची अट बावीसची, आणि घाई त्याहून भयंकर. २०२४मध्ये केटलिन क्लार्क ७ एप्रिलला कॉलेजचा अंतिम सामना हरली, १५ एप्रिलला निवडली गेली आणि १४ मेला तिचा व्यावसायिक हंगाम सुरू झाला. तिथे बावीस वर्षांच्या 'पक्क्या' मुलीसुद्धा सराव शिबिरातूनच घरी पाठवल्या जातात, कारण जागाच नाहीत.

लीग आणि खेळाडू संघटनेचा सध्याचा करार २०२९-३०च्या हंगामापर्यंत आहे, हे ठाऊक आहे. दोघांची संमती असेल तर त्यात मधेही दुरुस्ती करता येते. एनसीएएला तर तेवढंही थांबायचं कारण नाही. माघारीची मुदत ड्राफ्टच्या नंतर नेणं आणि न निवडल्या गेलेल्यांना परत घेणं बेकरसाहेबांच्या संस्थेच्या अखत्यारीत आहे. ड्राफ्टच्या पुढच्या हंगामाचं वेळापत्रक निघेल तेव्हा त्यातली मेअखेरची ती तारीख मी आधी बघणार आहे.

कळावे,
आपला,
एक प्रेक्षक, पुणे